उतरता खांदा

मी लेडीज टेलर आहे, म्हणजे गेली बावीस वर्षं मी सकाळी दुकान उघडल्यापासून खोटं बोलतोय. ही कबुली नव्हे, धंद्याची माहिती आहे. गिऱ्हाईक ब्लाऊजपीस टाकतं, कधी देणार म्हणून विचारतं आणि आपण एक तारीख सांगतो. ती तारीख त्यालाही खरी वाटत नाही आणि आपल्यालाही नाही, पण सांगितल्याशिवाय कुणी दुकानातून हलत नाही. तारखेला बाई आली की म्हणायचं, झालाय, हुक तेवढे लावायचे राहिलेत. त्या वेळी कापडाची घडीसुद्धा मोडलेली नसते. पुढच्या फेरीला लाईट नव्हती आणि त्याच्या पुढच्या फेरीला कारागीर गावाला गेला. एकदा एका बाईनं माझ्या मागं मशीनवर बसलेल्या कारागिराकडं बोट करून विचारलं, मग हे कोण? मी म्हणालो, हे दुसरे. आमच्याकडं कारागीर एकच आहे, अब्बांच्या वेळेपासूनचा. सगळे त्यांना मामा म्हणतात. मामांनी मान खाली घालून मशीन चालवली आणि ती गेल्यावर मला म्हणाले की खरंच दुसरा आणणार असला तर जरा हाताला वेग असलेला आणा.

सगळ्यात शेवटचं हत्यार म्हणजे गिऱ्हाइकाचं अंग. ब्लाऊज वाकडा झालाय आणि उसवून सुद्धा सरळ होत नाही, अशा वेळी टेप गळ्यात टाकायची, दोन पावलं मागं जायचं, डोळे बारीक करायचे आणि हळू आवाजात सांगायचं, ताई, तुमचा एक खांदा जरा उतरता आहे. बाई लगेच आरशात बघते. आरशात बघितलं की प्रत्येकीचा एक खांदा उतरता दिसतोच. अब्बांनी मला हे शिकवलं तेव्हा बजावून सांगितलं होतं की हे वर्षातून एकदाच वापरायचं.

एवढं सगळं सांगायचं कारण असं की तीन वर्षांपूर्वी मला एक खराखुरा आजार झाला, आणि मी खरं बोलायला गेलो तर ऐकून घ्यायला कुणी शिल्लकच नव्हतं.

सुरुवात डाव्या डोळ्यानं केली. चष्म्याला तेलाचा हात लागल्यासारखं दिसायला लागलं. मी चष्मा पुसला, मग नंबर बदलला, मग चष्मेवाल्याशी भांडलो. काही महिन्यांनी उजवा पाय चालता चालता मागं राहायला लागला. शेवटी बायकोनं दंडाला धरून मोठ्या दवाखान्यात नेलं. तिथं मला एमआरआयच्या त्या ठोक-ठोक आवाज करणाऱ्या बोगद्यात घातलं, पाठीतून पाणी काढलं आणि नसांच्या डॉक्टरांनी नाव सांगितलं, मल्टिपल स्क्लेरोसिस. शरीर ज्या पेशींना पहाऱ्याला ठेवतं त्याच पेशी आपल्या नसांवरचं आवरण खातात, असं ते म्हणाले. कुंपणानंच शेत खायचं, हे मला समजलं. औषधानं आजार बऱ्यापैकी जाग्यावर राहील, पण थकवा येत राहील, उन्हात आणि उकाड्यात जास्त येईल, हेही त्यांनी सांगितलं. म्हणाले, दमल्यावर बसू नका, दमायच्या आधीच बसा. आमच्याकडं दमायच्या आधी बसणाऱ्याला आळशी म्हणतात. डॉक्टर बाहेरगावचे असावेत.

हा थकवा म्हणजे झोप नव्हे, आणि कामानं येतो तो शिणवटाही नव्हे. कोरडी गोधडी लहान पोरगीसुद्धा उचलते. तीच भिजवून दगडावर टाकली की पिळायला दोघं लागतात. दुपारचे बारा वाजले की माझे हात असे भिजायचे. कातर उचलायची तर आधी मनाची तयारी करावी लागायची. वहीत माप बघायचो आणि कापडापर्यंत येईस्तोवर विसरायचो. परत वहीकडं जायचो, परत विसरायचो. ह्या येरझाऱ्यांत आणखी दमायचो. बाहेरून बघणाऱ्याला एक धडधाकट माणूस टेबलाशी उभा राहून हवेत बघतोय एवढंच दिसायचं. मला स्वतःचा फार राग यायचा, आणि तो काढायला समोर मामाच असायचे.

कोल्हापुरात माणूस आजारी पडू शकतो, पण दमू शकत नाही. दमला म्हणजे खाण्यात कमी पडला. मला थकवा येतो ही बातमी गल्लीत पसरली आणि दुसऱ्या दिवसापासून डबे सुरू झाले. पायाचं सूप आलं, पांढरा रस्सा आला, कुणी गावठी अंडी आणली. मामा मला पहाटे दूध कट्ट्यावर घेऊन गेले आणि म्हशीखालून काढलेला फेसाचा पेला माझ्या तोंडाला लावून बाजूला उभे राहिले, पिऊन संपेपर्यंत. बायकोनं दर्ग्यातला दोरा दंडाला बांधला, समोरच्या काकूंनी त्याच्यावर जोतिबाचा अंगारा लावला. दोन महिन्यांनी मला माझीच पँट दोन इंच मोकळी करावी लागली. थकवा होता तेवढाच होता, फक्त दमायला आता माणूस जास्त झाला होता.

माझा आजार पहिल्यांदा ज्याला कळला तो शेजारचा मोटर रिवाइंडिंगवाला. डॉक्टरांनी सांगितलेलं मी त्याला सांगितलं, तर त्यानं हातातली जळकी मोटर खाली ठेवली.

"म्हंजे वायरीचं कोटिंग गेलंय," तो म्हणाला. "करंट सुटतोय, पर निम्मा वाटंतच गळतोय. मग मोटर गरम हुनारच की मास्तर. लोड कमी करायचा आन् थंड ठिवायची. ह्यात इचारायचं काय हाय?"

मी त्याला विचारलं की रिवाइंड करता येईल का. त्यानं मला वरपासून खालपर्यंत एकदा बघितलं आणि म्हणाला की हे मॉडेल आता येत नाही.

पण लोड कमी करायचा म्हणजे काम कमी घ्यायचं, आणि टेलरला काम कमी घेता येत नाही, फक्त उशिरा देता येतं. गिऱ्हाइकांना मी खरं सांगून बघितलं. ताई, मला नसांचा आजार आहे, दुपारनंतर हात चालत नाहीत. ताई ऐकून घ्यायच्या आणि म्हणायच्या, असू दे, पण हुक लावायचेच राहिलेत ना? एकीनं तर मला आठवण करून दिली की मागच्या दिवाळीत माझी मावशी वारली होती आणि संक्रांतीला तीच मावशी परत वारली. मावशी अजून आहे, हज करून आलीय.

त्यात माझ्या मेहुण्याचं मलकापूरला रेडिमेड कपड्यांचं दुकान आहे. त्याचा दर आठवड्याला फोन यायचा. या इकडं, काउंटरला बसा, पंख्याखाली, काही करायचं नाही, नुसतं कामावरच्या पोरींवर लक्ष ठेवायचं. माणूस मनानं चांगला आहे. पण आयुष्यभर ज्यानं मापं घेतली त्यानं एम, एल, एक्सएल असं ओरडत बसायचं म्हणजे काय, हे त्याला कळणं शक्य नव्हतं. बायकोला विचारलं तर ती म्हणाली की माझ्या भावाकडं जायचं असेल तर खुशाल जावा, मी येणार नाही, मी त्याच्याबरोबर एकदा अठरा वर्षं राहिलेय.

यंदा मार्चमध्ये मी मनाशी एक गोष्ट ठरवली आणि ती बायकोला पण सांगितली. ह्या लग्नसराईत हातात घेतलेलं एक मोठं काम तारखेला, माझ्या हातानं कापून देता आलं, तर दुकान ठेवायचं. नाही तर कातर मामांच्या हवाली करायची आणि मलकापूरला जायचं. आणि त्याच आठवड्यात, नेमकं, बाई आल्या.

बाई म्हणजे माझ्या चौथीच्या बाई. म्युनिसिपालिटीच्या शाळेत त्यांनी मला शिकवलं. आता वय पंचाहत्तरच्या पुढं, राहायला कसबा बावड्यात. मी दुकानात बसायला लागल्यापासून त्यांचे ब्लाऊज माझ्याकडंच असतात. त्यांच्या पर्समध्ये एक छोटी वही असते. मी दिलेली तारीख त्या तिच्यात लिहितात, तारखेला येतात, मी जे कारण सांगीन ते नंबर घालून तिच्यात लिहितात आणि काही न बोलता जातात. कधी आवाज चढवला नाही. एकदाच म्हणाल्या होत्या, तुझी आजी चौथीत तीनदा वारली होती, तेव्हा मला वाटलं होतं की हा मुलगा पुढं जाऊन काही तरी करील.

ह्या वेळी नातीचं लग्न होतं, मे महिन्यात. पाच ब्लाऊज. नवरीचे तीन, नवरीच्या आईचा एक आणि बाईंचा स्वतःचा एक, मोरपंखी रंगाचा. मी मापं घेतली. घेता घेता त्यांना सांगून टाकलं, आजाराचं नाव, नसा, थकवा, सगळं. बाईंनी चष्मा लावून वहीत लिहून घेतलं. नाव अवघड होतं म्हणून मला परत म्हणायला लावलं.

"सत्तावीस नंबर," त्या म्हणाल्या. "आतापर्यंतच्यांत हे चांगलं आहे. मेहनत घेतलेली दिसते." आणि लग्नाच्या आठ दिवस आधीची तारीख घेऊन गेल्या.

मी कामाला लागलो. रोज सकाळी चहा देताना बायको विचारायची, आज किती? म्हणजे अंगात किती तास आहेत. मी अंदाज घेऊन म्हणायचो, दोन. कधी तीन. कधी नुसता हात हलवायचो आणि ती समजायची. एप्रिलचं ऊन तापलं तसे तीनाचे दोन झाले. मोटरवाल्याचा सल्ला मानून मी मलमलचं फडकं बर्फाच्या पाण्यात बुडवून मानेभोवती गुंडाळायला लागलो. त्यानं खरंच बरं वाटायचं. पण खाली नवरीचं रेशीम, आणि रेशमावर पाण्याचा थेंब पडला की डाग कायमचा. म्हणून मामांनी प्लास्टिकच्या कागदाचं एक लाळेरं शिवून माझ्या गळ्यात बांधलं. त्रेचाळीस वर्षांचा माणूस गळ्यात लाळेरं बांधून भरजरी ब्लाऊज कापतोय, हे बघायला पलीकडच्या गल्लीतून माणसं यायची.

हे सगळं मी उभ्यानं करत होतो. आमच्या दुकानात कापणारा उभा आणि शिवणारा बसलेला, हा अब्बांचा नियम. बसून कापलं की कापडाला माणसाचा आळस लागतो, असं ते म्हणायचे. कटिंगचं टेबल त्यांनी स्वतःच्या कमरेच्या मापानं करून घेतलं होतं. शेवटच्या आजारात सुद्धा ते टेबलाला टेकून कापत होते. तेव्हा मी काय बसणार?

एक वाजला की मात्र मी संपायचो. आमचं दुकान म्हणजे बोळच, आडवं व्हायला जागा एकच, ट्रायल रूम. पडदा ओढायचा, चिंध्यांचं गाठोडं डोक्याखाली घ्यायचं, पाय पोटाशी घ्यायचे आणि पडायचं. लेडीज टेलर ट्रायल रूममध्ये झोपतो ही गोष्ट बाहेर फुटली असती तर मला मलकापुरात सुद्धा कुणी उभं केलं नसतं. म्हणून मामा पहाऱ्याला. कुणी आलं की मास्तर बाहेर गेल्यात म्हणून सांगायचं आणि तासाभरानं या म्हणायचं, असं ठरलं होतं.

एप्रिलच्या शेवटी एका दुपारी बाई नातीला घेऊन ट्रायलला आल्या. पुढचं मला मामांनी नंतर सांगितलं, आणि सांगताना त्यांची मान वर नव्हती. मामा म्हणाले, मास्तर अस्तर आणायला गेल्यात. तेवढ्यात मी आतून घोरलो. मामांनी मशीन सुरू केली, रिकामीच, दोरा न घालता, आणि जोरात चालवत बसले. बाई नातीला म्हणाल्या, तो येईपर्यंत तू घालून बघ. मामांना घाम फुटला. ते म्हणाले, आत जाऊ नका, आत उंदीर हाय. बाईंनी विचारलं, केवढा? मामांनी दोन्ही हातांनी दाखवला, तो चांगला बोकडाएवढा झाला. नात कॉलेजात जीवशास्त्र शिकलेली. तिनं टेबलावरची लाकडी पट्टी घेतली आणि पट्टीच्या टोकानं पडदा हळूच बाजूला केला. मग तसाच परत लावला आणि आजीला म्हणाली, उंदीर नाही, मास्तर आहेत, गाढ झोपलेत.

मला जाग आली तेव्हा सव्वातीन झाले होते. बाहेर आलो तर बाई स्टुलावर बसलेल्या. नातीला त्यांनी केव्हाच घरी लावून दिलं होतं. मामा मशीनपुढं हाताची घडी घालून, तोंडावर बोट ठेवायचं तेवढं बाकी, असे बसले होते. माझ्या गळ्यात लाळेरं तसंच होतं.

"किती वेळ झाला येऊन?" मी विचारलं.

"दीड तास. रोज झोपतोस?"

"रोज. नाही झोपलो तर दुसरा दिवस पण जातो."

"मग मला सांगितलं का नाहीस?"

"सांगितलं होतं बाई. तुम्ही वहीत लिहून घेतलंत."

बाईंनी पर्स उघडली, वही काढली आणि ते पान वाचलं. बराच वेळ वाचत होत्या, तीन ओळी होत्या तरी. मग वही मिटली आणि मला म्हणाल्या, बस. मी म्हणालो, आता कापायचं आहे, उभंच राहतो. त्यांनी का म्हणून विचारलं तसं मी अब्बांचा नियम सांगितला. पाठोपाठ मलकापूरचं पण सांगितलं, पाच ब्लाऊज झाले तर दुकान, नाही तर काउंटर. बोलायचं नव्हतं, पण झोपेतून उठल्यावर मला काही धरून ठेवता येत नाही. डोळ्यात पाणी आलं ते मी लाळेऱ्याला पुसलं.

"मी चौतीस वर्षं उभ्यानं शिकवलं," बाई म्हणाल्या. "लोक म्हणायचे, बाई कधी बसत नाहीत, काय निष्ठा. अरे, हेडमास्तरांनी वर्गातल्या खुर्च्या काढून घेतल्या होत्या, मास्तर लोक झोपतात म्हणून. गुडघे गेले माझे. तुला कुणी शिकवलं उभ्यानं अक्कल वाढते म्हणून?"

मी म्हणालो, तुम्हीच बाई, बाकावर उभं करून. त्यावर मामा हसले आणि लगेच मशीनवर वाकले.

दुसऱ्या दिवशी मोटरवाल्यानं टेबलाच्या उंचीला बसेल असं एक लोखंडी स्टूल वेल्डिंग करून आणलं. त्याला मोटरीचाच हिरवा रंग मारलेला. मामांनी चिंध्या भरून त्याला गादी शिवली. मी त्याच्यावर बसलो, अब्बांची कातर उचलली आणि बसून पहिला काप घातला. रेघ सरळ आली. आनंद व्हायच्या आधी मला राग आला. तीन वर्षं मी उगाच त्या टेबलाशी उभा राहून स्वतःला पिळत होतो, आणि अब्बांचे शेवटचे सहा महिने आठवले की अजून येतो.

बाईंनी एक पाटी पण लिहून पाठवली, त्यांच्या फळ्यावरच्या वळणदार अक्षरात. मास्तर दहा ते एक कापतात. एक ते तीन झोपतात. त्या वेळात ते अस्तर आणायला गेलेले नसतात. मामा पाटी बघून बिथरले. म्हणाले, "आजार चालंल, पर दुपारचं दुकान बंद ठिवायचं ह्यो पुनेरीपना आपल्यात नगं." मग दुकान उघडं, मास्तर तेवढे बंद, अशी तडजोड झाली आणि मागच्या भिंतीला माझ्यासाठी एक घडीची खाट आली. पाटीचा परिणाम मात्र वेगळाच झाला. लोक माझं खरं मानायला लागले, आणि पंधरा दिवसांत पलीकडच्या गल्लीतला टेलर त्याच्या गिऱ्हाइकांना सांगायला लागला की मलाही तेच झालंय. एक बाई माझ्याकडं येऊन काळजीनं विचारून गेली की हा रोग कापडातून पसरतो का?

दिलेली तारीख तीन दिवसांवर आली तेव्हा चार ब्लाऊज तयार होते. खरे तयार, हुकांसकट. पाचवा राहिला होता. मी सकाळी बायकोला हात हलवून दाखवला, दुसऱ्या दिवशी पण हलवला. उकाडा एवढा की बर्फ मानेवर ठेवायच्या आधी वितळत होता. दोन रात्री कमी झोपलो तर पाचवा होईल आणि नंतर दहा दिवस मी होणार नाही, हा हिशेब मला आता येत होता. फोन उचलला.

"बाई, चार झाले. तुमचा होणार नाही."

बाईंनी विचारलं, "हुक राहिलेत का?"

"नाही बाई. अजून कापला पण नाही."

बावीस वर्षांत हे वाक्य माझ्या तोंडातून कधी निघालं नव्हतं. फोन ठेवल्यावर मला हलकं वगैरे काही वाटलं नाही. पाचातले चार झाले होते आणि माझ्याच अटीनं मी हरलो होतो. बायकोला तसं म्हणालो, तर तिनं विचारलं की अट घातली कुणी? मी म्हणालो, मीच. ती म्हणाली, मग तारीख पुढं ढकला की, त्यात तर तुमचा हात कुणी धरणार नाही.

लग्न बावड्यातच होतं. कार्यालयात मला कुणी तरी पंख्याखालची खुर्ची दिली आणि मी मुकाट बसलो, हे आता मला जमतं. नवरीचा ब्लाऊज बघितला. पाठीवरचा गळा, बाहीची काठ-जुळणी, सगळं जाग्यावर. मग बाई समोर आल्या. त्यांनी जुना ब्लाऊज घातला होता, वांगी रंगाचा, तीन वर्षांपूर्वी मीच शिवलेला. डाव्या खांद्याची शिवण पाऊण बोट खाली घसरलेली, लांबूनही दिसत होती. तो ब्लाऊज मी कापला त्या महिन्यात माझ्या डाव्या डोळ्यानं पहिल्यांदा दगा दिला होता, आणि मला ते कळलंही नव्हतं. नेताना बाईंनी आरशात बघितलं होतं. मी टेप गळ्यात टाकून दोन पावलं मागं गेलो होतो.

मी उठून त्यांच्याकडं गेलो. "बाई, तुमचा खांदा सरळ आहे," मी म्हणालो. "मी वाकडं कापलं होतं. तेव्हापासूनच सुरू झालं होतं बहुतेक, मला माहीत नव्हतं. पण खांद्याचं मी तुम्हाला खोटं सांगितलं."

बाईंनी माझ्याकडं बघितलं, मग खांद्याकडं बघितलं.

"तीन वर्षं," त्या म्हणाल्या, "तीन वर्षं मी ह्या खांद्याला तेल चोळतेय."

मग त्यांनी विचारलं, "माझा मोरपंखी कधी देणार?"

"तारीख सांगत नाही बाई. झाला की फोन करतो."

"म्हणजे दुकान आहे."

"आहे," मी म्हणालो. म्हणेपर्यंत ते माझं मलाही माहीत नव्हतं.

तेवढ्यात घरच्यांच्या फोटोसाठी बोलावणं आलं. बाई नवरीच्या शेजारी उभ्या राहिल्या. फोटोग्राफरनं कॅमेऱ्यातून बघितलं, मान बाहेर काढली, परत बघितलं आणि म्हणाला की आजी, डावा खांदा जरा वर घ्या, वाकडा दिसतोय. मी पंख्याखाली उभा होतो, मला जमीन पोटात घेईल तर बरं असं झालं. बाईंनी खांदा हलवला नाही. चारचौघांना ऐकू जाईल अशा वर्गातल्या आवाजात त्याला म्हणाल्या, "तो उतरताच आहे. माझ्या टेलरनं माप घेऊन सांगितलंय. काढ तू."